परदेशात डायल-अप लागत नाही? आधी मोडेमकडे कान द्या

गोष्ट विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातली, इंटरनेट डायल-अपने म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून लावायचं तेव्हाची; या लेखातला सगळा सल्लाही त्याच काळाचा. इटलीतल्या एका हॉटेलात मी पहिल्यांदा परदेशातून इंटरनेट लावायला बसलो आणि 'नो डायल टोन' या एका संदेशाने सव्वादोन तास घाम काढला. रिसीव्हर उचलला की टोन तर स्वच्छ ऐकू येत होता. वायर बदलून झाली, मोडेमचं (कॉम्प्युटरची माहिती टेलिफोनच्या आवाजात बदलणाऱ्या यंत्राचं) कार्ड काढून परत घालून झालं, ड्रायव्हर उडवून नव्याने टाकून झाला. शेवटी वैतागून रिसीव्हर कानाला धरून नुसताच बसलो, तेव्हा लक्षात आलं: इथला टोन आपल्या ओळखीचा नाही. छोटा टूं, लगेच लांब टूंऽऽ, मग सेकंदभर गप्प, पुन्हा तेच. माझ्या मोडेमला सलग गुणगुणीची सवय. हा तुटक टोन त्याच्या लेखी टोनच नव्हता. एका चौकटीतली टिक काढली आणि दुसऱ्या मिनिटाला मेल उतरायला लागली.

डायल-अप बिघडलं की आपण पहिला संशय घेतो तो कॉम्प्युटरवर. परदेशात हा संशय बहुतेक वेळा चुकतो. कॉम्प्युटर तोच, मोडेम तोच, घरून निघताना दोघंही धडधाकट होते. बदललेली असते ती भिंतीतली तार, तिच्यामागचं हॉटेलचं एक्स्चेंज (खोल्यांचे फोन बाहेरच्या लाइनशी जोडणारं यंत्र) आणि त्या देशातली टेलिफोनची पद्धत. म्हणून विंडोज पुन्हा टाकायचा विचार बाजूला ठेवा आणि ऐका.

यशस्वी कॉलचा आवाज ठरलेल्या क्रमाने येतो. टक्‌ करून लाइन उघडते. डायल टोन येतो. नंबराचे सूर भराभर वाजतात. पलीकडे रिंग जाते. मग पलीकडचा मोडेम फोन उचलतो आणि एकसुरी शिटी मारतो; ती २१०० हर्ट्झची असते आणि तीनेक सेकंद चालते. मग दोघांचं किंचाळणं, खरखर, आणि एकदम शांतता. त्यानंतर स्क्रीनवर नाव-पासवर्ड तपासत असल्याचा संदेश. या माळेतला कुठला मणी गळाला हे कानाने कळतं, आणि दुरुस्ती तिथेच करायची असते.

रात्री शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून बरेच जण मोडेमचा स्पीकर बंद करून ठेवतात. प्रवासात तो आधी चालू करा. कंट्रोल पॅनलमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये आवाजाची पट्टी असते. नसेल तर जादा कमांडच्या चौकटीत (ती कुठे असते ते पुढे 'डायल टोन'मध्ये येतंय) 'एम१' टाका, म्हणजे कनेक्शन जुळेपर्यंत आवाज येत राहील. (या लेखातल्या कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.) दुसरी शिस्त म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते कागदावर लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलून कनेक्शन लागलं, तर पुढच्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निघण्यापूर्वी

ज्या शहरात जाणार तिथले डायल-अप नंबर कागदावर उतरवून घ्या. नंबरांची यादी इंटरनेटवर असते आणि इंटरनेट लावायला नंबर हवा असतो. या चक्रात मी स्वतः अडकलोय. प्रत्येक शहराचे किमान दोन नंबर घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनवरचे.

घरच्या कंपनीचा परदेशात स्वतःचा नंबर क्वचितच असतो. ती बहुधा एखाद्या रोमिंग जाळ्यातून, म्हणजे परदेशी कंपन्यांचे नंबर वापरू देणाऱ्या मधल्या कंपनीकडून, सोय देते. आयपास आणि ग्रिक ही त्यातली तेव्हाची मोठी नावं. या जाळ्यांत वापरकर्त्याचं नाव घरच्यासारखं नुसतं चालत नाही. नावाच्या आधी जाळ्याचा उपसर्ग किंवा नावानंतर ॲट-चिन्ह लावून कंपनीचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) लागतं. नेमकं काय लिहायचं ते निघण्यापूर्वी विचारून घ्या आणि घरच्याच शहरातला रोमिंग नंबर फिरवून एकदा लॉगिन करून बघा. इथे लागलं तर खातं आणि पासवर्ड दोन्ही बरोबर. तिकडे अडलं तर त्यांच्यावर संशय घ्यायला नको.

पिशवीत काय असावं? चार-पाच मीटरची टेलिफोन वायर, कारण हॉटेलात सॉकेट नेमकं पलंगामागे असतं. दोन वायरी जोडणारा छोटा जोड. जाणार त्या देशाचा प्लग-अडॅप्टर. लाइन टेस्टर. छोटा स्क्रूड्रायव्हर. आणि मोडेमच्या माहितीपुस्तकातली कमांडची पानं, छापून. ही पानं सीडीवर असतात आणि सीडी घरी राहते.

वायर लावण्याआधी लाइन बघा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: चुकीच्या लाइनला लावलेला मोडेम जळतो. बाकी सगळ्या चुका सुधारता येतात, ही नाही.

घरची जुनी लाइन ॲनालॉग असते, म्हणजे आवाज विजेच्या लहरी होऊन वाहतो. फोन ठेवलेला असताना तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात, उचलल्यावर साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट वाहतो. मोडेम एवढ्याच हिशेबाने बनवलेला असतो. मोठी हॉटेलं आणि ऑफिसं मात्र अनेकदा डिजिटल एक्स्चेंज वापरतात. त्यांचं सॉकेट दिसायला हुबेहूब तेच, पण तारांतून काय आणि किती वाहतं ते त्या एक्स्चेंजच्या कंपनीने ठरवलेलं. करंट जास्त असला तर मोडेमचा लाइनकडचा भाग क्षणात जातो आणि वरून काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरला मोडेम सापडतो, कमांडला 'ओके' म्हणतो, फक्त डायल टोन आयुष्यात पुन्हा ऐकत नाही.

ओळखायचं कसं? खोलीतल्या फोनला छोटा पडदा आणि ढीगभर बटणं असतील तर लाइन डिजिटल असण्याची शक्यता मोठी. फोनच्याच कडेला 'डेटा' किंवा 'मोडेम' लिहिलेलं भोक असेल तर वायर तिथे लावा. ते मोडेमसाठीच दिलेलं असतं. शंका असेल तर लाइन टेस्टर. पेनाएवढं हे साधन सॉकेटला लावायचं. हिरवा दिवा म्हणजे पुढे चला, लाल म्हणजे हात मागे. कुठल्या दिव्याचा काय अर्थ हे तुमच्या टेस्टरच्या कागदावर एकदा वाचून ठेवा, कारण काही टेस्टर तारा उलट असल्या तरी वेगळा दिवा दाखवतात.

टेस्टर नसेल तर रिसेप्शनला विचारा, पण 'ॲनालॉग आहे का' असं विचारू नका. 'या लाइनला फॅक्स मशीन चालेल का' असं विचारा. फॅक्स सगळ्यांना कळतो, आणि फॅक्सला चालणारी लाइन मोडेमलाही चालते. खोलीतली लाइन डिजिटल असेल तर हॉटेलच्या ऑफिसातली फॅक्सची लाइन दहा मिनिटं मागून बघा. रात्री उशिरा ती मोकळी असते आणि रात्रपाळीचा माणूस सहसा नाही म्हणत नाही.

प्लग

अमेरिका, कॅनडा, जपानमध्ये आपल्या ओळखीचा आरजे-११, म्हणजे छोटा प्लास्टिकचा टेलिफोन प्लग, चालतो, आणि इतरत्रही नव्या हॉटेलांत तो दिसतो. जुन्या इमारतींत मात्र प्रत्येक देशाचा आपला थाट. ब्रिटनचा प्लग चपटा, कडेला खिटी असलेला. फ्रान्सचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. इटलीचा जाड, तीन गोल पिनांचा. जर्मनीत टीएई नावाचं सॉकेट असतं, त्यात दोन प्रकारच्या खाचा: 'एफ' टेलिफोनसाठी, 'एन' फॅक्स-मोडेमसारख्या इतर उपकरणांसाठी. तिथे मोडेमला एन-प्रकारचा प्लग घ्या.

अडॅप्टर बसला म्हणजे तारा जुळल्या असं समजू नका. आरजे-११मध्ये लाइन मधल्या दोन तारांवर असते. ब्रिटिश फोनबरोबर येणाऱ्या कित्येक वायरींत मात्र ती बाहेरच्या दोन तारांवर असते. त्यामुळे 'एका टोकाला ब्रिटिश प्लग, दुसऱ्याला आरजे-११' अशी हातात आलेली वायर मोडेमला छान बसते आणि लाइन मेल्यासारखी वाटते. मोडेमसाठी म्हणूनच विकलेली वायर घ्या, नाहीतर स्वतःची आरजे-११ वायर आणि अडॅप्टर.

वायर थेट भिंतीत गेलेली असेल आणि सॉकेटच नसेल तर काही प्रवासी पेटी उघडून मगर-चिमट्याने तारा जोडतात. हॉटेलची परवानगी असल्याशिवाय मी त्यात पडत नाही. पडलात तर इतकं ध्यानात ठेवा, की रिंग येते तेव्हा त्या तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी असतो. झटका खरा लागतो.

डायल टोन

टक्‌ आवाज आला, टोन ऐकू आला आणि तरी विंडोज म्हणतंय 'एरर ६८०', म्हणजे डायल टोन नाही: हे माझ्या इटलीचं दुखणं. कारण तुटक टोन असू शकतं, वेगळा सूर असू शकतो (अमेरिकेचा टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो, युरोपात बऱ्याच ठिकाणी एकटा ४२५चा), किंवा खोलीच्या फोनवर कुणी निरोप ठेवला असेल आणि ते कळवायला एक्स्चेंज टोन अडखळत वाजवत असेल. हा शेवटचा प्रकार फसवा आहे: काल लागत होतं, आज लागत नाही, कारण मधल्या वेळात कुणीतरी निरोप ठेवला. निरोप ऐकून पुसला की टोन सुधारतो.

बाकी सगळ्यांना उपाय एकच. कंट्रोल पॅनल, फोन अँड मोडेम ऑप्शन्स, तुमच्या मोडेमच्या प्रॉपर्टीज, तिथे 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग' या ओळीपुढची टिक काढा. विंडोज ९८मध्ये हीच ओळ मोडेमच्या कनेक्शन पानावर आहे. टिक काढून फरक पडला नाही, तर ॲडव्हान्स्डमध्ये 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स'च्या चौकटीत 'एक्स३' लिहा. एक्स४ म्हणजे डायल टोन आणि एंगेज टोन दोन्ही ओळख. एक्स३ म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरव, एंगेज मात्र ओळख. परक्या देशाची रिंगच मोडेमला एंगेज वाटत असेल, तर 'एक्स१' टाका, म्हणजे तो दोन्हींकडे दुर्लक्ष करेल. मोडेम फार घाईने नंबर सुरू करत असेल तर 'एस६=४' जोडा; लाइन उघडल्यावर तो चार सेकंद थांबेल.

टोन तुम्हालाही ऐकू येत नसेल तर हा सेटिंगचा प्रश्नच नाही. प्लग, तारा, किंवा मोडेमची वायर 'लाइन'ऐवजी 'फोन' लिहिलेल्या भोकात गेलेली. हसू नका, अंधारात हे होतं.

नंबर

मोडेमला कामाला लावण्याआधी तोच नंबर खोलीच्या फोनवरून हाताने फिरवा. शिटी ऐकू आली तर नंबर बरोबर, आणि फिरवताना तुम्ही जे आकडे दाबलेत तेच जसेच्या तसे कॉम्प्युटरला द्यायचे. माणसाचा आवाज आला तर माफी मागून ठेवा आणि यादी पुन्हा बघा. या एका कॉलने अर्ध्या शंका मिटतात.

विंडोजची 'डायलिंग रूल्स' नावाची सोय आहे: तुम्ही कुठल्या देशात, एरिया कोड कुठला, बाहेरची लाइन घ्यायला काय दाबायचं, सगळं तिला सांगायचं आणि नंबर तिने जुळवायचा. एकाच ठिकाणी महिनाभर राहणार असाल तर नवं लोकेशन बनवणं ठीक. दोन दिवसांच्या मुक्कामात मी ती सरळ बंद करतो आणि अख्खा नंबर स्वतः लिहितो. घरचं लोकेशन तसंच राहिलं आणि विंडोजने स्थानिक नंबराआधी देशाचा कोड लावला, असा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की त्या हुशारीवर माझा भरवसा उरलेला नाही.

घरच्याच नंबराला आंतरराष्ट्रीय कॉल करायची वेळ आली, तर बाहेर पडायचा कोड जगात बऱ्याच ठिकाणी ०० आहे, उत्तर अमेरिकेत ०११, ऑस्ट्रेलियात ००११, जपानमध्ये ०१०. त्यापुढे देशाचा कोड, मग एरिया कोड, आणि त्याच्या सुरुवातीचा शून्य गाळायचा. अपवाद इटली: १९९८पासून तिथल्या नंबरांचा शून्य बाहेरून फिरवतानाही ठेवावा लागतो.

हॉटेलातून बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ किंवा ० दाबावा लागतो, आणि बाहेरचा टोन यायला क्षणभर लागतो. मोडेमला हा धीर शिकवायचं साधन म्हणजे स्वल्पविराम. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांब. बाहेरची लाइन ० असेल आणि नंबर ५५५०१०० असेल तर लिहायचं: ०,,५५५०१००. ऐकताना शून्याचा सूर, मग बाहेरचा टोन, त्यानंतरच बाकीचे सूर, असा क्रम यायला हवा. टोन येण्याआधीच सूर सुटत असतील तर आणखी एक स्वल्पविराम. जुनं एक्स्चेंज भराभर आलेले सूर गिळत असेल, म्हणजे हाताने लागतं पण मोडेमने 'नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं, तर 'एस११=१५०' देऊन सूर लांबवा.

बटण दाबल्यावर सुराऐवजी टकटकटक ऐकू आलं आणि नंबर नीट लागला, तर ती लाइन पल्सची. मोडेमला टोनऐवजी पल्स सांगा. इथे एक गमतीदार खड्डा आहे. बहुतेक जगात ३ दाबलं की तीन ठोके जातात. न्यूझीलंडच्या जुन्या पल्स पद्धतीत आकडे उलटे मोजतात: १ला नऊ ठोके, २ला आठ, ३ला सात. म्हणजे तुमच्या मोडेमने फिरवलेला ३ तिकडे ७ म्हणून पोचतो. फक्त ५ आणि ० जागेवर राहतात. तिथे टोनच वापरा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

कॉलिंग कार्डाने फिरवायचं तर कार्डाचा नंबर, पिन आणि खरा नंबर मिळून लांबलचक माळ होते, आणि जुने मोडेम ४० अक्षरांपुढचं घेत नाहीत. अशा वेळी हाताने फिरवणं सोपं. विंडोज ९८मध्ये मोडेमच्या ऑप्शन्समध्ये आणि एक्सपीमध्ये नेटवर्क कनेक्शन्सच्या ॲडव्हान्स्ड मेनूत 'ऑपरेटर असिस्टेड' डायलिंगची सोय आहे. फोन आणि मोडेम एकाच लाइनवर ठेवा, सगळं हाताने फिरवा, शिटी ऐकू आली की कनेक्ट दाबा, आणि मोडेमने लाइन धरल्यावरच रिसीव्हर ठेवा.

सारखं-सारखं फिरवत राहिल्यावर मोडेम अचानक 'डिलेड' किंवा 'ब्लॅकलिस्टेड' म्हणून नंबर फिरवायलाच नकार देतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. काही देशांच्या नियमानुसार अयशस्वी नंबर लागोपाठ किती वेळा फिरवायचा यावर बंधन आहे, आणि ते मोडेमच्या आतच बसवलेलं असतं. चहा घ्या, थोड्या वेळाने बघा.

किंचाळतात, पण जमत नाही

रिंग गेली, शिटी आली, दोघं बराच वेळ भांडले आणि लाइन कट. आधी वेळ वाढवा. 'एस७=९०' दिलं की मोडेम दीड मिनिट वाट बघतो; विंडोजमधलं 'इतक्या सेकंदांत न लागल्यास कॉल रद्द' हे सेटिंगही तेवढंच करा.

मग गती उतरवा. ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, गतीचं मोडेमचं मानक व्ही.९० (१९९८) आणि त्याच्या पुढचं व्ही.९२ (२०००) एका अटीवर चालतात: पलीकडच्या कंपनीपासून तुमच्यापर्यंत सिग्नल सगळा डिजिटल यावा आणि फक्त शेवटच्या टप्प्यात एकदाच ॲनालॉग व्हावा. मध्ये हॉटेलचं एक्स्चेंज आलं की बऱ्याचदा आणखी एक रूपांतर घुसतं आणि अट मोडते. मोडेम बिचारा तरी ५६केचा हट्ट धरतो आणि फसतो. त्याला सरळ व्ही.३४ या आधीच्या मानकावर बसवा, म्हणजे फार तर ३३.६के. बऱ्याच मोडेमना 'एटी+एमएस=व्ही३४' कळतं, बाकीच्यांसाठी ती छापलेली पानं काढा. विंडोजमधली 'मॅक्सिमम पोर्ट स्पीड' कमी करणं हा यावरचा उपाय नव्हे. ती कॉम्प्युटर आणि मोडेममधली गती आहे, लाइनवरची नाही.

२८.८केच्या गतीला १ एमबी उतरायला पावणेपाच मिनिटांच्या आसपास लागतात. त्याच आकाराची फाइल मेलला जोडली की ती एक-तृतीयांशाने फुगते आणि सहा मिनिटांच्या पुढे जाते. मोठी जोडपत्रं परत आल्यावर.

लांबच्या कॉलची गोष्ट वेगळी. उपग्रहावरून गेलेला आवाज एका बाजूने जायलाच पाव सेकंद घेतो, आणि स्वस्त कॉलिंग कार्डं आवाज दाबून-चेपून पाठवतात. ही चेपाचेप माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असते. म्हणून पलीकडचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो आणि मोडेमचं मात्र सेकंदाला ९६०० बिटलाही जुळत नाही. तिथे कमांडशी झुंजू नका. दुसरं कार्ड घ्या, किंवा स्थानिक नंबर शोधा.

लागतं आणि तुटतं

हा सगळ्यात छळवादी प्रकार, कारण प्रत्येक वेळी आशा लागते. ऑस्ट्रियात एका मुक्कामात माझं कनेक्शन दर वेळी लागायचं आणि पाऊण मिनिटात तुटायचं. मी घड्याळ घेऊन बसलो. ४७ सेकंद. पुन्हा ४७. पुन्हा ४७. खरखरीमुळे तुटणारी लाइन इतकी नियमित नसते. काही देशांत, त्यात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडही आले, बिलाचं युनिट पडलं की मीटरसाठी लाइनवर १२ किंवा १६ किलोहर्ट्झचा ठोका यायचा. तो माणसाला ऐकू यायचा नाही, पण मोडेमचा तोल जायचा. मी शहराबाहेरचा नंबर फिरवत होतो, म्हणून युनिटं भराभर पडत होती. स्थानिक नंबर लावल्यावर तीच लाइन कितीतरी जास्त टिकली. खरा उपाय म्हणजे मोडेम आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा छोटा फिल्टर. शक्य असेल तर हॉटेलला त्या लाइनवरचा मीटरचा ठोका बंद करायला सांगा.

अनियमित तुटत असेल तर कॉल वेटिंगवर संशय घ्या. उत्तर अमेरिकेत नंबराआधी *७० आणि स्वल्पविराम, ब्रिटनमध्ये #४३#. त्याने तेवढ्यापुरतं ते बंद होतं. 'एस१०=५०' दिलं तर पलीकडचा सिग्नल क्षणभर हरवला तरी मोडेम पाच सेकंद धीर धरतो; एरवी तो दीड सेकंदही थांबत नाही. बाथरूममधला जोडफोन कुणी उचलला तरी लाइन मरते. आणि लाइनवर बारीक घुंऽ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर लावून बघा. हा उपाय इतका साधा आहे की कुणाला सुचत नाही.

पासवर्डाच्या दारात

शांतता झाली, म्हणजे मोडेमचं काम संपलं. यापुढचं दुखणं नावा-पासवर्डाचं. एरर ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नामंजूर. परदेशात दहातल्या नऊ वेळा उपसर्ग किंवा डोमेन चुकलेलं असतं. ७१८ म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही. पुन्हा फिरवा, मग दुसरा नंबर. ७२० आलं तर कनेक्शनच्या नेटवर्किंग पानावर टीसीपी/आयपी (इंटरनेटची स्वतःची भाषा) सोडून बाकीच्या प्रोटोकॉलच्या टिका काढा. ६७६ म्हणजे एंगेज, ६७८ म्हणजे पलीकडून कुणी उचललं नाही. हे दोन मोडेमच्या आधीच्या टप्प्यातले, पण दिसतात याच खिडकीत, म्हणून गोंधळ होतो.

लॉगिन झालं आणि तरी एकही पान उघडत नाही? घरच्या कंपनीचे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचे) आकडे कधीतरी हाताने भरले असतील तर ते काढून 'आपोआप मिळव'वर ठेवा. ब्राउझरमधला घरचा प्रॉक्सी (पानं आणून देणारा मधला सर्व्हर) काढा. मेल येते पण जात नाही, तर तो बिघाड नाही: आपल्या जाळ्याबाहेरून आलेल्या माणसाची मेल पुढे पाठवायला घरचा सर्व्हर नकार देतो, आणि स्पॅममुळे तो तसं करणारच. पाठवण्यासाठीही पासवर्ड देण्याची आणि पोर्ट ५८७ची सोय तुमच्या कंपनीकडे आहे का ते निघण्यापूर्वी विचारा. नसेल तर ब्राउझरमधून मेल पाठवा. मेल लिहायची ती फोन न लावता, आणि अँटिव्हायरसचं आपोआप अपडेट बंद. नाहीतर तुम्ही एक ओळ पाठवायला बसता आणि तो मागच्या मागे सगळी लाइन पिऊन टाकतो.

कशानेच नाही तर

जीएसएम मोबाइल इन्फ्रारेडने (तारेशिवाय, न दिसणाऱ्या प्रकाशाने) लॅपटॉपला जोडून ९.६ केबीपीएसने मेल उतरवता यायची, रोमिंगमध्ये 'डेटा कॉल' चालू असला तर. गती रडकी, पण प्लग, टोन, एक्स्चेंज सगळं एका फटक्यात वगळलं जायचं. सार्वजनिक फोनसाठी अकूस्टिक कपलर मिळायचा, रिसीव्हरला पट्ट्याने बांधायचे दोन कप. गोंगाटात तो निरुपयोगी, शांत खोलीत चालतो.

बिल मात्र रोज बघा. काही हॉटेलांचं यंत्र ठरावीक सेकंदांनंतर कॉल लागला असंच धरतं, मग पलीकडे कुणी उचललेलं असो वा नसो. मोडेम रात्रभर आपोआप पुन्हा फिरवत राहिला तर ते चांगलंच महागात पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी 'रीडायल' शून्यावर आणा आणि वायर काढून ठेवा.

घरी परतलात की कागदावरची यादी काढून सेटिंग एकेक परत फिरवा, सगळ्यात आधी डायल टोनची ती टिक. मी एकदा विसरलो होतो. घरचा फोन दोन दिवस बंद पडला होता आणि मोडेम मात्र मेलेल्या लाइनवर इमानेइतबारे नंबर फिरवत बसला होता.